धातूच्या आरशात म्हणे चेहराच दिसत नसे!

हातोडीवाला:
काल इथे 'जुनाबाजार' यांनी ठोकून दिलं की रोमन घरांतले हातआरसे ही रिकामटेकड्या बायकांची खेळणी, धातूत तोंड धड दिसत नसे, म्हणून पाठीवर नक्षी कोरून वेळ मारून नेत. रात्री झोप लागली नाही मला.

माझं बालपण तांबट आळीत गेलंय. घासलेलं कासं काय दाखवतं ते मला शिकवू नका. तांब्यात कथील भरपूर घातलं की धातू पांढुरका नि ठिसूळ होतो, पडला तर फुटतो, पण चकाकी बघावी! रोमन लेखक प्लिनी लिहितो की इटलीतल्या ब्रुंडिसियम गावचे असे आरसे एकेकाळी सर्वांत नावाजलेले होते. पुढे चांदीचे आले आणि दासीसुद्धा तेच वापरायला लागल्या. तोंड दिसत नव्हतं तर कशाला?

आणि नक्षी. पॉम्पेईजवळ बॉस्कोरेआलेला १८९५ मध्ये एका व्हिलात चांदीचं घबाड सापडलं. त्यातल्या एका आरशाच्या पाठीवर ग्रीक पुराणकथेतली लेडा आणि हंस आहेत, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बघायला मिळतो. आरसा तोंडासमोर धरला की पाठ कोणाला दिसते? बघणारीला नाही, समोरच्याला. म्हणजे ती नक्षी चारचौघांसाठी होती.

रेवती_ठा:
चारचौघं नव्हे हो, समोर दासी असायची. रोमन कवी मार्शलच्या कवितेतली लालागे आठवते का? केसांची एक बट चुकली म्हणून, ज्या आरशात ती दिसली तोच तिने दासीला हाणला. धातूचा आरसा डोक्यात बसला की कसं वाटतं ते लेडा आणि हंसाला विचारा. आणि प्लिनीच्या त्या दासी! आमच्या सोसायटीतले आजोबाही 'हल्ली कामवाल्यांकडेसुद्धा स्मार्टफोन' म्हणून उसासे टाकतात. याला पुरावा म्हणायचं?

हातोडीवाला:
बरं, मग सम्राट ओथोचं काय? इ.स. ६९ मध्ये लढाईला निघताना आरसा घेऊन गेला, असं रोमन कवी युवेनाल म्हणतो. तोही रिकामटेकडी बाईच का?

रेवती_ठा:
युवेनाल त्यावरून त्याची खिल्ली उडवतोय! म्हणजे पुरुषाच्या हाती आरसा शोभत नाही, हेच ठरलं. स्वतःच्या पायावर हातोडी मारलीत.

करवीरी:
रोम रोम काय लावलंय? आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीला ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली, त्यावर कधी धागा निघत नाही. पुणेकरांना पंचगंगा दिसत नाही.

रेवती_ठा:
मी ठाण्याची आहे.

माईआजी:
वाद चालू द्या, पण आम्ही केरळला आरन्मुळा कन्नडी घेतली, म्हणजे तिथला धातूचा आरसा. तीही तांबं-कथिलाचीच. तोंड इतकं स्पष्ट दिसतं की सुरकुत्या मोजाव्यात. ह्यांनी ओल्या फडक्याने पुसली आणि डाग पडला तो पडलाच. दोन दिवस बोलले नाही मी.

चिकित्सक७:
माई, खरी होती का? बोट टेकवून बघा. खऱ्या कन्नडीत बोट आणि प्रतिबिंब यांच्यात फट राहत नाही, कारण वर काच नसते. भौगोलिक मानांकन असूनही नकली माल विकतात. मलाही गळ्यात मारला होता.

माईआजी:
आत्ताच टेकवलं. फट आहे. 😡

चिकित्सक७:
मग ती काच आहे. डाग मागच्या लेपाला पडला असणार.

माईआजी:
म्हणजे ह्यांची चूक नव्हती??

करवीरी:
दोन दिवस! काकांची माफी मागा आधी.

जुनाबाजार:
मूळ पोस्ट माझी होती, कोणाला आठवत असेल तर. ठीक आहे, दिसत असेल चेहरा. तांबट आळीत जन्मलेल्यांना तर जास्तच दिसत असेल. 'खेळणी' शब्द मागे घेतो, लालागेचं वाचल्यावर 'हत्यार' म्हणतो.

हातोडीवाला:
तेवढं तरी मान्य केलंत. नक्षीवर मात्र मी ठाम आहे, दासी असो की पाहुणी.

रेवती_ठा:
असा. माई, त्या दुकानाचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा, आम्ही डिसेंबरात जातोय.