सुट्टी मुलांची आणि वाट आमची, कसं निभावता तुम्ही?

दोघांची_आई:
सुट्टी आत्ता कुठे लागलीये आणि मी आत्ताच टेकीला आलेय. मोठा दहाचा, धाकटी सहाची, माझं वर्क फ्रॉम होम, नवरा ऑफिसला. लॅपटॉप उघडला रे उघडला की आई बोअर होतंय, आई ह्याने ढकललं, आई भूक लागली सुरू. कॉल चालू असताना धाकटी खुर्चीला टेकून हळूच विचारते, तू माझ्यावर रागावलीयेस का, आणि मी नुसती मान हलवते, त्याचा अर्थ हो की नाही ते तिलाही कळत नाही. मोबाईल दिला की शांतता, पण मग दिवसभर गिल्ट. शिबिर अर्ध्या दिवसाचं आणि नेणं-आणणं परत माझ्याच गळ्यात. प्लीज हस्तकलेच्या याद्या देऊ नका, ढीगभर वाचल्यात. मी तग कशी धरू ते सांगा.

निवांत_कधीतरी:
अगं आधी सांग, रात्री झोपतात कधी? सुट्टीत सगळ्यात आधी झोप सरकते आणि तिच्याबरोबर आपला रात्रीचा एकुलता एक शांत तासही जातो. ह्या वयाला 9 ते 12 तास झोप लागते, ती झाली नाही की दुसऱ्या दिवशी किरकिर, मारामारी सगळं दुप्पट. शाळेच्या दिवसांपेक्षा फार तर अर्धा तास उशीर चालू दे. रंगीत टाइमटेबलच्या नादी लागू नकोस, ते सांभाळायचं कामही तुझ्याच डोक्यावर येतं. उठणं, जेवणं, बाहेर खेळणं आणि झोपणं ठरलेलं असलं की बास, मधलं वाहू दे.

बाबा_ड्युटीवर:
ताई, ह्या सगळ्यात नवरा कुठाय? घरून काम म्हणजे घरीच आहे की, असं सगळे धरून चालतात, तिथेच गडबड आहे. आम्ही रविवारी रात्री दोघांची कॅलेंडरं समोर घेऊन बसतो, बायकोचे जे कॉल हलणारच नाहीत तेवढ्या वेळेत मुलं माझी. ऑफिसला जाणाऱ्यालाही निघायच्या आधीचा तासभर मुलांना मैदानावर नेता येतं, आणि आल्यावर मुलं त्याच्या ताब्यात, तुम्ही खोलीचं दार लावून घ्यायचं. दार खरंच लावा हं, किलकिलं ठेवलंत की पोरं आत आलीच समजा. आणि मदत कर असं मोघम सांगू नका, वेळ सांगा.

सहज_सुचलं:
बोअर होतंय म्हटलं की लगेच काही सुचवायचं नाही. थोडा वेळ भुणभुण होते, मग आपोआप उशांचं घर नाहीतर खुर्च्यांची बस उभी राहते (पसारा संध्याकाळी, तोही त्यांनीच आवरायचा). आमच्याकडे दारावर लाल कार्ड असतं, ते लावलं की फक्त रक्त, आग किंवा बेल वाजली तरच हाक मारायची. धाकटीला घड्याळ दाखव, मोठा काटा इथे आला की मी बाहेर येणार, आणि तेव्हा खरंच जा, नाहीतर पुढच्या वेळी तिचा विश्वास बसणार नाही. शिवाय मोठ्याला धाकटीचा वॉचमन करू नकोस, दहाचाच आहे तो.

शिस्तप्रिय:
काही सांगा, पण मोबाईल बंदच करा. डब्ल्यूएचओनेही एकच तास सांगितलाय.

बाबा_ड्युटीवर:
तो तास 2019 च्या गाईडलाइनमधला, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. 5 ते 17 साठी 2020 ची वेगळी आहे, त्यात रोज सरासरी 60 मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी आणि बसून स्क्रीन बघणं कमी करा असं आहे, स्क्रीनला मिनिटांचा आकडा नाहीये. त्यामुळे ताई, स्क्रीन तुमच्या सगळ्यात अवघड कॉलसाठी राखून ठेवा, सकाळीच उधळू नका. हातातल्या मोबाईलपेक्षा टीव्ही बरा, ऑटोप्ले बंद करून.

दोघांची_आई:
थँक्यू सगळ्यांना!! नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं तर म्हणतो, मग आधी बोलायचंस ना. (आधी बोललेले, असो.) उद्यापासून सकाळचं मैदान त्याच्याकडे. लाल कार्ड आजच लावलं, धाकटीचा पहिला प्रश्न, बाहुलीला रक्त आलं तर हाक मारली तर चालेल का.