पोटामागची गाठ आणि बायोप्सीची भीती
म्हापशाच्या ताईंनी लिहिले आहे की, सुई घातल्यास कर्करोग पसरेल या भीतीने घरचे लोक वडिलांच्या पोटामागील गाठीची बायोप्सी करू देत नाहीत. भीती स्वाभाविक आहे. परंतु सीटी स्कॅनच्या आधारे पाठीकडून जाड सुईने नमुना घेतल्यास तो धोका अत्यल्प असतो, आणि गाठ लायपोसार्कोमा (चरबीच्या पेशींचा कर्करोग) आहे की मुख्यतः औषधांनी बरा होणारा लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग), हे आधीच कळते. लायपोसार्कोमात पहिलीच शस्त्रक्रिया निर्णायक ठरते: गाठ न फोडता, गरज पडल्यास चिकटलेल्या मूत्रपिंडासह किंवा आतड्यासह अखंड काढावी लागते, म्हणून दुसऱ्या मूत्रपिंडाचे कार्य आधी तपासतात. गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून) मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात मत घ्यायला जाताना कृपया बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड्सबरोबर, नमुना ज्यात जतन केलेला असतो ते मेणाचे ब्लॉकही न्या. लायपोसार्कोमा ओळखायला मदत करणारी एमडीएम२ जनुकाची चाचणी त्या ब्लॉकवर करता येते.