गांजाला परवाना आणि तिजोरीला व्यसन

माधवी_चंद्रपूर:
निखिल यांनी काल लिहिले की गांजा कायदेशीर करावा, दारूप्रमाणे त्यावर कर लावावा आणि त्या पैशातून व्यसनमुक्ती केंद्रे चालवावीत. मी गप्प बसणार होते, पण 'दारूप्रमाणे' हा शब्द रात्रभर डोक्यातून गेला नाही. दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला पायी निघालेल्या बायकांत माझी आई होती. परतल्यावर तिच्या भेगाळलेल्या टाचा मिठाच्या कोमट पाण्यात धरून मी बसले होते. २०१५ साली आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली आणि २०२१ साली उठली. उठवताना जी कारणे पुढे आली, त्यांत बुडालेल्या महसुलाचे कारण होतेच. ज्या तिजोरीला दारूचा पैसा सोडवत नाही, तिला गांजाचा पैसा लागल्यावर लोकांनी तो कमी ओढावा असे सरकारला कशाला वाटेल?

निखिल_ठाणे:
माधवीताई, १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा येण्यापूर्वी या देशात परवान्याच्या दुकानात गांजा विकला जात होता आणि समाज बुडाला नव्हता. त्याच झाडाची पाने आजही या कायद्यात गांजा ठरत नाहीत, म्हणून भांग चालते आणि फुलोऱ्याचा शेंडा मात्र गुन्हा ठरतो. एक किलोपर्यंतच्या गांजाला कायदा 'अल्प प्रमाण' म्हणतो, तरी त्यासाठी वर्षापर्यंत कैद होऊ शकते. माझ्या पुतण्याच्या खिशात एक पुडी सापडली. वकिलाची फी भरायला वहिनीने पाटल्या मोडल्या आणि पोराची लागलेली नोकरी गेली. गांजाने त्याचे जेवढे बिघडवले नव्हते, तेवढे खटल्याने बिघडवले. कर कुठे जाईल याची काळजी आपण करता, पण आज तो सगळा पैसा तस्कराच्या घरी जातो आहे, त्याचे काय?

घुग्घुसकर:
गांजाचे मला कळत नाही, बंदीचे कळते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळ वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो आणि वणीत दुकाने उघडी होती. माझ्या टपरीसमोरून दुधाच्या कॅनमध्ये पव्वे यायचे. वरून दूध, खाली काच, आणि कॅन जमिनीवर ठेवताना होणारा तो खळ्ळ आवाज मी आजही ओळखेन. पव्वा दुप्पट भावाने विकला जाई, आणि पिणारा तोच मजूर असल्यामुळे घरी जाणारा पैसा आणखी कमी झाला. शाळा सोडलेली पोरे या वाहतुकीला लागली, ती बंदी उठल्यावरही सरळ कामाला परतली नाहीत.

माधवी_चंद्रपूर:
आपल्या टपरीवरून आपल्याला कॅन दिसला, आमच्या वस्तीतले घर दिसले नाही. चोरून पिणारा माणूस निदान चौकात बसून पीत नव्हता आणि बाजाराच्या दिवशी वाटेतल्या दुकानात मजुरी सांडून येत नव्हता. बंदी नीट राबवली नाही हा दोष राबवणाऱ्यांचा आहे, तो मागणी करणाऱ्या बायकांच्या माथी मारू नका.

घुग्घुसकर:
मी कोणाच्या माथी काहीही मारलेले नाही. माझा सख्खा भाऊ बंदीच्या काळात बनावट दारू पिऊन तीन दिवस दवाखान्यात होता, त्याच्या उशाशी मीच बसलो होतो. आपल्या आईच्या पायांबद्दल मला आदर आहे, पण त्या पायांवर बोट ठेवून माझे तोंड बंद करू नका.

समुपदेशक_सांगली:
चर्चा पूर्ण दारूकडे वळली आहे, आणि ते अगदीच गैर नाही, कारण आपल्याकडे अनुभव दारूचाच आहे. परंतु वापरणाऱ्याला शिक्षा करावी का आणि विक्रीला परवाना द्यावा का, हे दोन प्रश्न आपण एकत्र कालवत आहोत. पोर्तुगालने २००१ मध्ये दहा दिवस पुरेल एवढा अमली पदार्थांचा साठा जवळ असणाऱ्याला गुन्हेगार मानणे थांबवले आणि त्याला समितीपुढे व उपचाराकडे पाठवले. विक्री मात्र गुन्हाच राहिली. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन वापरणाऱ्याची तुरुंगाची शिक्षा काढली, पण उपचाराची सोय वेळेवर उभी राहिली नाही आणि २०२४ मध्ये साठा बाळगणे पुन्हा गुन्हा ठरवावे लागले. माझ्याकडे येणारे आईबाप आधी एवढेच विचारतात की पोराला कुठे भरती करू. जवळपास खाट नसते, म्हणून मी त्यांना दुसऱ्या जिल्ह्याचा पत्ता देतो.

माधवी_चंद्रपूर:
पुडीसाठी पोराला तुरुंगात घालू नये, एवढे मी मान्य करते, आणि तेही निखिल यांच्या वहिनीच्या पाटल्यांकडे बघून. दुकानाला माझा विरोध कायम आहे. आधी तालुक्याला खाटा द्या, मग कराची भाषा करा.

निखिल_ठाणे:
खाटा आधी हव्यात, हे माझ्या लेखात यायला हवे होते. तरी कर नको म्हणणाऱ्यांनी त्या खाटांचा पैसा कुठून येईल ते सांगावे. सोमवारी पुतण्याची तारीख आहे, त्यामुळे पुढचे उत्तर उशिरा देईन.