रुईच्या खोक्यातली माती (तातडीचं)

मंडळी,
शनिवारी नागपूरहून निघतोय. शाळेचं ते 'प्राण्याचं घर' सासऱ्यांनी रुईला जोड्याच्या खोक्यात करून दिलंय: खाली बोडीतला गाळ, वर तणसाचं घरटं, त्यात सारस नि कणकेची दोन अंडी. पाय खराट्याच्या काड्यांचे. गाळ पहिल्याच दिवशी वाळून तडकला, मग शेण नि कुटार कालवल्यावर बसला. मेलबर्नला हे उतरवू देतील का? पोरगी खोकं उशाशी घेऊन झोपते.
– रुईची आई, सध्या गोंदियाजवळ

शाळेचे विषय बालशाळेच्या यादीवर टाकावेत, हे गणपतीनंतरच्या बैठकीत ठरलं आहे. तरी उत्तर देतो: नाही. माती, तणस, शेण, तिन्ही नाहीत.
– सचिव

सचिवसाहेब, घाबरवू नका. उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर 'हो'ला खूण करून आपणहून दाखवलं तर दंड होत नाही, फार तर वस्तू जाते. लपवलं तर मात्र दंड. मी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आणला होता. चाकांची माती निघण्याआधीच जुन्या ब्रशने घासून काढली. इथे टॉर्च लावून लाकडाला कीड आहे का ते पाहिलं नि दिला परत.
बाकी विदर्भातून न्यायचा तर वाघ न्यावा. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. सारस कुठून काढला?
– काका, डँडेनाँग

नंदी कुठून घेतला काका? तान्हा पोळा पाहावा तर आमच्याकडच्या सिंदी रेल्वे गावचा. बाकी सगळं खेळणं.
– वर्धेकर

काका, वाघाचं मीही म्हटलं होतं. सासरे म्हणाले, "वाघ आपल्या बांधीत येते का? सारस येते." महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच बाजूला. पहाटे धुऱ्यावरून जोडी दिसली, रुईपेक्षा उंच. तिने हातातला टोस्ट खाली टाकला.
पण माझा प्रश्न मातीचा आहे.
– रुईची आई

माती राहू दे, पायांचं बघ. तुमच्या शाळेतल्या बाई त्याला ब्रोल्गाच म्हणणार, म्हणजे इथला सारसासारखाच क्रौंच. ब्रोल्गाचं तांबडं डोक्यापुरतं, पाय राखाडी. सारसाचं तांबडं मानेवर उतरतं, पाय गुलाबी. आमच्या क्वीन्सलंडच्या उत्तरेला दोन्ही आहेत. ॲथरटनला मक्याच्या कापलेल्या शेतात शेजारी शेजारी चरताना पाहिलेत, नवऱ्याला अजून फरक कळत नाही. काड्या काढ, तारेचे पाय कर नि गुलाबी रंगव.
– ब्रिस्बेनची मावशी

तार केबिन बॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका.
– सचिव

सिंदीला गर्दी फार हो. नंदी नागपूरचा, महाल भागातला.
– काका, डँडेनाँग

ठरलं. खोकं इथेच, आजोबांच्या खाटेखाली. सारस कागदाच्या लगद्याचा नवा होतोय, पाय सायकलच्या जुन्या ब्रेकतारेचे, गुलाबी रंग आकाशकंदिलातून उरलेला. घरटं तिकडे आल्यावर खाकी कागदाच्या पट्ट्यांचं करू. अंडी न्यायचीच म्हणून रडारड झाली. आता कापसावर कागद चिकटवून दोन केलीत. एक मोठं झालंय, ते तिने मुद्दाम केलंय म्हणे.
रविवारी पोचतो, सोमवारी शाळा. कुणाकडे मोठ्या मापाच्या बुटाचं खोकं आहे का? लहानात सारस मान वाकवून बसतो. घ्यायला मीच येईन.
– रुईची आई