विषय: [मंडळ] ढालीवरचा मजकूर गुरुवार दुपारपर्यंत हवा, सगळ्यांनी वाचा!!

शेखर (पुरस्कार समिती), सोमवार रात्री १०:१२

मंडळी,

ट्रॉफीवाल्याचा आज पुन्हा फोन आला. गुरुवारी दुपारी बारापर्यंत पक्का मजकूर दिला नाही तर गणपतीच्या शनिवारी ढाल मिळणार नाही. जास्तीत जास्त पन्नास शब्द. देवनागरी हवं असेल तर पीडीएफ आपणच करून द्यायची. (मागच्या ढालीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे.)

समितीचा मसुदा असा:

"मानवता पुरस्कार (मरणोत्तर). जिमी कार्टर, अमेरिकेचे ३९ वे अध्यक्ष, जॉर्जियाचे सुपुत्र, नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी (२००२). कॅम्प डेव्हिड कराराचे शिल्पकार, भारतातून नारूचे उच्चाटन करणारे, बेघरांना घरे देणारे थोर मानवतावादी. यांस मंडळातर्फे सादर."

हरकत असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळवा. नुसतं "छान" म्हणायचं असेल तर मला एकट्याला लिहा.

गिरीश, सोमवार रात्री १०:२०

छान! पाडव्याला आणलेल्या घडीच्या टेबलांपैकी एक माझ्याकडे आलंच नाही. कोणाच्या गॅरेजात आहे?

अण्णा, सोमवार रात्री ११:४५

शेखर, सर्वसाधारण सभेत मी हात वर केला नव्हता, तेव्हा "एकमताने" हा शब्द इतिवृत्तातून काढावा.

तारापूर कोणी विसरलं असेल तर सांगतो. १९६३ चा करार तीस वर्षांचा होता. अणुभट्ट्या अमेरिकेच्या, इंधन अमेरिकेचं, हे लिहून दिलेलं. १९७८ साली याच गृहस्थांनी नव्या कायद्यावर सही केली आणि तुमच्या सगळ्या अणुप्रकल्पांची तपासणी करू द्या, नाहीतर इंधन विसरा, असं सुरू झालं. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत येऊन हार घालून घेतले आणि मोरारजींना थंड, अगदी रोखठोक पत्र लिहावं लागेल असं स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात सांगितलं. मायक्रोफोन चालू होता, म्हणून जगाला कळलं. मी तेव्हा तारापूरच्या कॉलनीत राहत होतो. पुढचं इंधन येणार की नाही यावर संध्याकाळी कट्ट्यावर दुसरा विषय नसायचा. हरयाणातल्या एका गावाने मात्र त्याच दौऱ्यात स्वतःचं नाव बदलून कार्टरपुरी करून घेतलं! आपली माणसं.

माणूस चांगला असेल. पण पुरस्कार देताना खातं दोन्ही बाजूंनी वाचावं.

प्रसाद (खजिनदार), मंगळवार सकाळी ७:०५

अण्णा, खातं दोन्ही बाजूंनीच वाचू. १९८० च्या मे महिन्यात अणुनियामक आयोगाने तारापूरचं इंधन नाकारलं, तेव्हा तो नकार डावलून अडतीस टन सोडायचा आदेश कार्टरनीच काढला. प्रतिनिधीगृह विरोधात गेलं. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ असं निसटतं वाचलं. इंधन गेलं.

आणि "एकमताने" हा शब्द इतिवृत्तात नाही, मी आत्ताच पाहिलं. "बहुमताने" आहे.

अण्णा, मंगळवार सकाळी ७:३१

इंधन सोडलं कारण आदल्या डिसेंबरात रशिया अफगाणिस्तानात घुसला होता आणि दिल्लीला फार दुखवून चालणार नव्हतं. याला माणुसकी म्हणत नाहीत. आणि पुढे दोनच वर्षांत फ्रान्सकडे जावं लागलं, तेही लिहा.

वैशाली (स्मरणिका), मंगळवार सकाळी ९:१५

एक विचारू? स्मरणिकेत कार्टरांवर दोन पानी लेख आहे, जूनमध्येच छापायला गेला. ढालीवरचा मजकूर त्या लेखाशी जुळायला नको का? मसुदा लिहिताना स्मरणिकेच्या एकाही माणसाला विचारलेलं नाही. शताब्दीच्या नाटकाच्या वेळी हेच झालं होतं, तेव्हाही मी गप्प बसले.

बाकी "थोर मानवतावादी" वगैरे काढा. नोबेल आहे, १९९७ चा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार आहे, १९९८ चा संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार आहे. आपण थोर म्हटल्याने त्यांचं काय वाढणार?

नंदाताई, मंगळवार दुपारी १:४०

शेखर, बाकी कशाचंही काहीही करा, पण "भारतातून नारूचे उच्चाटन करणारे" हे ढालीवर कोरू नका. ते खरं नाही.

नारू म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात जाऊन वर्षाने पायातून बाहेर येणारा जंत. आपल्याकडचा राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ चा. कार्टर सेंटर या कामात १९८६ साली उतरलं, आधी पाकिस्तानात आणि मग मुख्यतः आफ्रिकेत. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त म्हणून जाहीर केला. ते काम केलं आपल्या आरोग्य सेवकांनी, पाणीपुरवठ्याच्या लोकांनी आणि गावोगावच्या सरपंचांनी.

मी इंटर्नशिपला ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तिथे पायऱ्यांच्या विहिरी होत्या. बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागर बुडवायच्या. घोट्याजवळ फोड यायचा, आग आग व्हायची, म्हणून माणूस पाय पाण्यात घालणार. फोड फुटला की आतून शेवयाएवढ्या जाडीचं पांढरं टोक बाहेर यायचं आणि पाण्यात हजारो अळ्या सोडायचं. मग तेच पाणी दुसरा कोणी पिणार आणि वर्षाने त्याचा पाय. ते टोक आगपेटीच्या काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचं, वर ओली पट्टी. घाई करून ओढला आणि तुटला तर आत पू होऊन माणूस महिनाभर झोपून. नेमका पेरणीच्या दिवसांत. यावर ना लस, ना औषध, आजही नाही. उपाय एवढेच: पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, विहिरीत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकायचं आणि पायऱ्या बुजवून कठडा बांधायचा, म्हणजे कोणाला पाण्यात पायच घालता येऊ नये. पायऱ्या बुजवायला गावं सहजी तयार व्हायची नाहीत. "आमच्या आज्याने बांधलेली विहीर." एका गावात आमच्या कंपाउंडरला दिवसभर विहिरीच्या काठावर बसवून ठेवलं होतं, पाणीसुद्धा न देता.

कार्टरांचं कौतुक करायचं तर आफ्रिकेचं करा. १९८६ मध्ये वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू व्हायचा. २०२४ मध्ये साऱ्या जगात १५. माजी राष्ट्राध्यक्षाने पाण्याच्या फडक्यांसाठी देशोदेशीच्या प्रमुखांच्या दारात जावं, ही साधी गोष्ट नाही. २०१५ साली स्वतःला कर्करोग झाल्याचं सांगायला पत्रकारांसमोर बसले, तेव्हाही म्हणाले की शेवटचा नारू माझ्याआधी मरावा. तेवढं राहिलं.

शेखर, मंगळवार दुपारी २:१०

ताई, "भारतातून" काढून "आफ्रिकेतून" टाकतो. ट्रॉफीवाल्याला काय, तेवढेच शब्द.

नंदाताई, मंगळवार दुपारी २:१८

"उच्चाटन"ही नको रे. चाड आणि दक्षिण सुदानमध्ये अजून आहे. "नारूविरुद्ध लढा" लिही.

गिरीश, मंगळवार दुपारी २:२५

आमच्या पणजोबांना नारू झाला होता असं आई सांगायची. देवीला नवस केला होता म्हणे. टेबलाचं कोणी काही बोललं नाही.

मीनल, मंगळवार रात्री ९:५०

मी एरवी इथे लिहीत नाही, पण मसुद्यात विक्रोळी नाही हे पाहून राहवलं नाही.

कार्टरांच्या आई, लिलियन कार्टर, १९६६ ते ६८ विक्रोळीत गोदरेज कॉलनीत होत्या. पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून आल्या तेव्हा वय अडुसष्ट! पेशाने परिचारिका. आधी त्यांना कुटुंबनियोजनाच्या कामावर नेमलं, ते त्यांना काही रुचलं नाही, मग कॉलनीच्या दवाखान्यात गेल्या. कुष्ठरोग्यांनाही तपासायच्या. अमेरिकेच्या दक्षिणेतली, काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या नळांच्या काळातली बाई, घरचा भुईमुगाचा धंदा सोडून पूर्व उपनगरात इंजेक्शनं देत बसली होती आणि मुलगा तेव्हा गव्हर्नरसुद्धा झाला नव्हता. आमची आजी त्याच कॉलनीतली. तिला ती गोरी नर्सबाई आठवायची. सुई हळू टोचते, पण औषध घेतलं नाही तर ओरडते, अशी ख्याती होती. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्याचं पेपरात आलं तेव्हा आजीला आठवडाभर कोणी विचारत होतं म्हणे, "बाईंचाच ना गं तो?"

आणखी एक. त्यांची जन्मतारीख १५ ऑगस्ट. १८९८.

जगभर जिमी कार्टरांना पुरस्कार मिळालेच आहेत. मराठी मंडळाने द्यायचा तर विक्रोळीसाठी आणि लोणावळ्यासाठी द्यावा. २००६ च्या ऑक्टोबरात कार्टर पतीपत्नी मळवलीजवळ पाटण गावात हातोडा घेऊन उभे होते, शंभर घरं बांधायला. तेव्हा जिमींचं वय ब्याऐंशी. कॅम्प डेव्हिडचं बाकीचे बघतील.

प्रसाद, मंगळवार रात्री १०:०५

मीनल, हे सगळं सभेत का नाही सांगितलंस गं?

मीनल, मंगळवार रात्री १०:०८

सभेत मी पोह्यांच्या रांगेत होते, दादा.

वैशाली, मंगळवार रात्री १०:३०

लिलियनबाईंचा उल्लेख स्मरणिकेच्या लेखात दुसऱ्याच परिच्छेदात आहे. मसुदा करण्याआधी कोणी वाचला असता तर!

जॉर्जियातल्या प्लेन्स या जिमी कार्टरांच्या गावी, त्यांच्या चर्चमध्ये आपली बस गेली होती, आठवतंय? पहाटेच्या अंधारात रांग, कुत्र्याकडून पिशव्यांची तपासणी, रविवारच्या शाळेत स्वतः कार्टर शिकवायला. फोटोला उभं राहायचं तर हात पुढे करायचा नाही, बोलत थांबायचं नाही, पुढच्याला जागा द्यायची. तरी आपल्या एका काकूंनी "विक्रोळी" म्हटलंच. ते वळून हसले. त्याचा फोटो पान सातवर आहे.

अण्णा, बुधवार सकाळी ६:५०

मीनल, विक्रोळीचं लिहिलंस ते पटलं. आईला द्या, मी हात वर करतो. मुलाचं नाव खाली राहू दे. लोणावळ्याची घरं खरी आहेत, लोक राहताहेत त्यांत. कॅम्प डेव्हिड काढा. तेरा दिवसांत इजिप्त आणि इस्रायल जुळवले, ठीक. पॅलेस्टाइनचं भांडण तसंच राहिलं.

शेखर, बुधवार सकाळी ८:२०

अण्णा, पुरस्कार जिमी कार्टरना जाहीर झालाय, पत्रकं वाटून झाली आहेत. आता नाव बदलता येत नाही. दोन्ही नावं टाकतो. नवा मसुदा, तेहेतीस शब्द, मोजून:

"मानवता पुरस्कार (मरणोत्तर). विक्रोळीच्या दवाखान्यात १९६६–६८ मध्ये रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिका लिलियन कार्टर आणि त्यांचे पुत्र, अमेरिकेचे ३९ वे अध्यक्ष जिमी कार्टर यांस. लोणावळ्याजवळ शंभर घरे बांधण्यात सहभाग (२००६), आफ्रिकेत नारूविरुद्ध लढा. मंडळातर्फे सादर."

नोबेल गेलं.

गिरीश, बुधवार सकाळी ८:४१

नोबेल काढून ढाल देणारे जगात आपणच पहिले असू. 😀

वैशाली, बुधवार सकाळी ८:५५

मरणोत्तर आहे तर शाल-श्रीफळ कोणाच्या हातात? यजमान कुटुंबाला मी काय सांगू?

मीनल, बुधवार सकाळी ९:१०

आई सध्या माझ्याकडे आली आहे, दिवाळीपर्यंत आहे. जन्म त्याच कॉलनीतला. तिच्या हातात दिलं तर?

वैशाली, बुधवार सकाळी ९:१४

मीनल, आईंचा मान आहेच, पण मग प्रत्येक जण आपल्या घरचं माणूस स्टेजवर आणेल. शताब्दीला तेच झालं होतं.

नंदाताई, बुधवार सकाळी ९:३०

मग शहरातल्या एखाद्या कार्यरत परिचारिकेच्या हातात द्या. आपल्या मंडळातच चार आहेत. त्यांची रात्रपाळी असते म्हणून त्या कुठल्याच सभेत दिसत नाहीत, एवढंच.

प्रसाद, बुधवार सकाळी ९:४४

हे मला आवडलं. ताई, त्यांतल्या दोघींना आजच विचारा, शनिवारी कोणाला सुट्टी आहे ते. मीनलच्या आईंना पहिल्या रांगेत बसवा. शाल एकच आहे, दुसरीचा खर्च मंजूर नाही.

शेखर, पीडीएफ पाठवण्याआधी नोबेल (२००२) परत घाल, पन्नास शब्दांत सहज बसेल. आणि गिरीश, टेबल माझ्या गॅरेजात आहे.