मदत हवी आहे: दोन देशांच्या कचऱ्याचे आकडे जुळत नाहीत (सोमवारी जमा करायचंय)

आर्वीची_पऱ्हाटी
बीएस्सीचा प्रकल्प आहे. कचऱ्यातून होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन, दोन देशांची तुलना. तक्त्यात भारताचा आकडा 75 हजारांच्या वर येतोय आणि दुसऱ्याचा चाळिसाच्या आसपास. सर म्हणाले, शक्यच नाही, परत कर. कुठं चुकलं? लवकर सांगा, दुपारपासून लाइन नाही, मोबाईल 11 टक्क्यांवर आलाय.

निंबाची_सावली
दुसरा कोण? वर्ष कोणतं? 75 हजार काय, टन की पोती?

आर्वीची_पऱ्हाटी
जर्मनी. सरांनीच दिलाय. वर्ष ज्याचं जे मिळालं ते घेतलं. एकक लिहिलेलं नव्हतं, वर नुसतं इंग्रजीत जी-जी होतं.

गोबरगॅस_काका
ताई, तक्ते सोडा. माझ्याकडे 2 घनमीटरचा गोबरगॅस आहे. सकाळी दोन घमेली शेण कालवून टाकलं की दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. शेणातून निघणारा मिथेन, म्हणजे तुमचा हरितगृह वायू, चुलीतच जळून जातो. प्रकल्पात हेच लिहा, सर खूश होतील.

निंबाची_सावली
काका, शेण या हिशेबात येतच नाही. शेणाचा आणि धुऱ्यावर जाळलेल्या पऱ्हाटीचा मिथेन शेतीच्या खात्यावर पडतो. कचऱ्याच्या खात्यात घनकचऱ्याचे ढीग, कंपोस्टसारखी प्रक्रिया, जाळणं आणि सांडपाणी एवढंच. भारताच्या आकड्यात तर सांडपाण्याचाच वाटा मोठा आहे. ताईंच्या तक्त्यात ते धरलंय का?

आर्वीची_पऱ्हाटी
सांडपाणी पण? मला वाटलं कचरा म्हणजे कचरा.

हिशेबनीस_वणी
ते जी-जी म्हणजे गिगाग्रॅम. 1 गिगाग्रॅम = 1000 टन. म्हणजे भारताचे 7.5 कोटी टन, आणि हा आकडा 2016 चा असणार. जर्मनीचे चाळीस हे दशलक्ष टन, म्हणजे 4 कोटी, आणि ते 1990 चे दिसतात. एका रकान्यात गिगाग्रॅम, दुसऱ्यात दशलक्ष टन. क्विंटल आणि किलो शेजारी मांडून कापसाचा भाव काढल्यासारखं झालं.

झाडीपट्टीचा_गडी
जर्मनी कचरा जाळते म्हनतात. आमच्या गावातबी रोज सकाळी घरामागं कचरा जाळतात. मंग आमी जर्मनीच झालो न बाप्पा!

हिशेबनीस_वणी
😀 फरक आहे गड्या. तिथं कचरा जाळून वीज आणि उष्णता काढतात, म्हणून तो धूर ऊर्जेच्या खात्यात लिहिला जातो आणि कचऱ्याचा रकाना आपोआप हलका दिसतो. तुमच्या घरामागचा जाळ मात्र कचऱ्यातच. ताई, हे टीपेत लिहा, नाहीतर तुलना लंगडी होईल.

नागपूरचा_संत्रा
परदेशाचे गोडवे पुरे. आपला कचरा बाहेर धाडून आकडे कमी करतात म्हणे ते.

हिशेबनीस_वणी
तो वेगळा वाद. जर्मनीचं मुख्य कारण दुसरं आहे. 1 जून 2005 पासून तिथं प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा पुरायला बंदी आहे. 1990 पासून त्यांचं कचऱ्याचं उत्सर्जन तीन चतुर्थांशाहून जास्त उतरलंय. तेही एका दिवसात नाही, कारण पुरलेला कचरा कित्येक वर्षं वायू सोडत राहतो.

निंबाची_सावली
उलट मी सांगते. अस्वच्छ दिसणारं गाव म्हणजे जास्त मिथेन असं नाही. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची आंतरराष्ट्रीय समिती, तिच्या 2006 च्या पद्धतीत ढिगाच्या खोलीवर मिथेनचा गुणक ठरतो; गुणक मोठा तर मिथेन जास्त. 5 मीटरपेक्षा उथळ, सोडून दिलेला ढीग असेल तर 0.4, खोल असेल तर 0.8, आणि नीट दाबून झाकलेल्या व्यवस्थित भरावाला चक्क 1. आमच्या उकिरड्यात फावडं घातलं की हातभर खाली वाफ निघते, वरून कोंबड्या उकरत असतात. हवा लागते, म्हणून मिथेन कमी. नागपूरच्या भांडेवाडीसारखा कचऱ्याचा डोंगर उभा राहिला की आत हवा जात नाही.

नागपूरचा_संत्रा
भांडेवाडीचं नाव घेतलंत म्हणून विचारतो, डासांवर काय करता तुम्ही लोक?

गोबरगॅस_काका
उकिरड्यापेक्षा नाडेप टाकं करा, कंपोस्ट खताचं. आपल्या पुसदच्या पांढरीपांडेंनी काढलेली पद्धत आहे. विटांच्या भिंतीत भोकं ठेवायची.

निंबाची_सावली
काका, भोकं हवेसाठीच असतात. म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

हिशेबनीस_वणी
ताई, अजून एक. सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजतात. एक टन मिथेन तापवण्यात किती टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, हा भाव दोन्हीकडे एकच हवा. जुन्या हिशेबांत 21, मग 25, आता 28. 21 चा 28 केला की मिथेनचा भाग एक तृतीयांशाने वाढतो. भारताच्या 2016 च्या आकड्यात कोणता धरलाय ते अहवालात बघा. आणि माणशी काढा. 7.5 कोटी टन भागिले तेव्हाची लोकसंख्या, माणशी साठ किलोच्या आतच येतं. जर्मनीचाही 2016 चाच आकडा घ्या, 1990 चा नाही.

आर्वीची_पऱ्हाटी
बापरे. म्हणजे सांडपाणी, वर्ष, एकक, भाव सगळंच. पहिलं पान छापून आणलं होतं, 10 रुपये गेले. रात्री लाइन आली की जर्मनीचं 2016 शोधते.

झाडीपट्टीचा_गडी
आमच्या गावची घंटागाडी सहा महिन्यांपासून उभीच हाये. तक्रार कुठी करू?

गोबरगॅस_काका
नाडेपचा फोटो टाकतो, थांबा.