मदत हवी आहे : केसी जोन्सचं रेल्वे म्युझियम, जॅक्सन (टेनेसी)

नमस्कार मंडळी. बाबा भुसावळहून आमच्याकडे मेंफिसला आलेत. सुरुवातीला वाफेच्या इंजिनावर फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारे) होते, ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांना जॅक्सनचं केसी जोन्सचं घर आणि म्युझियम दाखवायचं आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : केसी हा इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा ड्रायव्हर. ३० एप्रिल १९०० च्या पहाटे, मिसिसिपीतल्या वॉन गावाजवळ, त्याच्या ३८२ नंबरच्या इंजिनापुढे रुळावर मालगाडीचे डबे उभे होते. त्याने फायरमन सिम वेबला उडी मारायला सांगितलं आणि स्वतः ब्रेक धरून राहिला. वेब वाचला, प्रवासी वाचले. गेला तो एकटा केसी. हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "फायरमनला आधी उतरवलं, हा खरा ड्रायव्हर."

तिथे कोणी जाऊन आलंय का? बाहेर ठेवलेलं इंजिन मूळ ३८२ नाही, त्याच धर्तीचं आहे, एवढं कळलंय. पण फूटप्लेटवर (इंजिनात ड्रायव्हर उभा राहतो त्या जागेवर) चढू देतात का? बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या उंच आहेत का? जुन्या ड्रायव्हरशी मनापासून बोलेल असं कुणी तिथे भेटेल का? बाबांना इंग्रजी जेमतेम येतं, दुभाष्याचं काम मी करेन.

मिसिसिपीतल्या वॉटर व्हॅलीलाही जुन्या स्टेशनात केसीचं छोटं म्युझियम आहे. दोन्ही पाहिलेल्यांनी सांगा, बाबांना एकाच दिवसात दोन्हीकडे नेणं झेपेल का?